समुद्राकडे पाठ फिरवलेल्या नद्या

प्रस्तावना

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पासष्ट किलोमीटर. तरी कृष्णा तिकडे वळत नाही. वाई, सांगली करत ती कर्नाटकात शिरते, तेलंगण आणि आंध्र ओलांडते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला, समुद्रापासून ऐंशी किलोमीटरवर. तीही पूर्वेलाच निघते आणि १,४६५ किलोमीटर जाते. भीमा तर भीमाशंकरला अगदी कड्याच्या काठावर जन्म घेते आणि त्या काठाकडे पाठ करून पंढरपूरची वाट धरते.

हे आपण सगळे शाळेत पाठ करतो. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे म्हणून नद्या पूर्वेला जातात, हे उत्तर लिहून गुण मिळवतो, आणि ते उत्तर बरोबरही आहे. पण उतार पूर्वेकडे का, हा पुढचा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. निघाला, तर उत्तर शोधायला मादागास्करपर्यंत आणि जवळपास नऊ कोटी वर्षे मागे जावे लागते. हे पुस्तक त्या वाटेने वाचकाला नेण्यासाठी लिहिले आहे.

उत्तर थोडक्यात असे. आज कोकणच्या पश्चिमेला जिथे समुद्र आहे, तिथे तेव्हा जमीन होती. मादागास्कर आणि सेशेल्स बेटांचा भूभाग भारताला जोडलेले होते. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर तुटून अलग झाले. सेशेल्स त्यानंतर, ६ कोटी ३० लाख वर्षांच्या सुमारास. खंड फाटू लागतो तेव्हा खालचे तप्त द्रव्य वर सरकते, कवच ताणले जाऊन पातळ होते आणि फाटीच्या कडा उचलल्या जातात. उचललेल्या कडेवर पडलेले पाणी आतल्या बाजूलाच वाहणार. पश्चिमेकडची कड अशी उचलली गेली, पठार पूर्वेकडे कलले, आणि कृष्णा, भीमा, गोदावरी यांची दिशा तेव्हाच ठरून गेली. समुद्र जवळ येऊन ठेपला तो नंतर.

सह्याद्रीकडे या नजरेने पाहायला हवे. पुण्याहून लोणावळ्याला जाताना आपण डोंगर चढत नाही. जमीन हळूहळू वर येते, आणि खंडाळ्याला एकदम संपते. भिंत दिसते ती कोकणातून वर पाहिले तरच. दोन्ही बाजूंनी चढावे लागते तशी पर्वतरांग इथे नाही. हा एका तुटलेल्या खंडाचा झिजत झिजत मागे सरलेला काठ आहे, आणि काठ मागे सरल्यावर पायथ्याशी उरलेली पट्टी म्हणजे कोकण. घाटात लाव्हाचे थर बहुतेक ठिकाणी आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. हिमालयातल्यासारख्या घड्या त्यांना पडलेल्या नाहीत. मात्र पनवेलच्या आसपास हेच थर पश्चिमेकडे झुकू लागतात, कारण तिथून पुढे कवच वाकून समुद्राखाली गेले आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे किनाऱ्याला समांतर अशा एका ओळीत लागतात, तेही या भागातल्या भेगांमुळेच.

सह्याद्री लाव्हामुळे उभा राहिला, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याचे उत्तर आंबोली आणि तिलारीच्या दक्षिणेला मिळते. तिथे दख्खनचा काळा कातळ संपतो. गोव्यात आणि पुढे कर्नाटकात घाटाचा खडक वेगळाच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म आणि त्याच्या सोबतीचे इतर प्राचीन खडक. अनमोड घाटाच्या परिसरातले पट्टिताश्म तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. खडक बदलला, त्याचे वय चाळीस-पन्नास पटींनी वाढले. कडा मात्र न थांबता तसाच दक्षिणेला चालत राहतो. लाव्हाने थर दिले हे खरे, पण भिंत घडली ती खंड तुटल्यामुळे. माझ्या मते महाराष्ट्राच्या भूगोलातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

आता भूपट्टांविषयी. पृथ्वीचा बाहेरचा कठीण भाग सलग नाही. साधारण शंभर किलोमीटर जाडीच्या, खंडांखाली त्याहूनही जाड, अशा तुकड्यांत तो विभागलेला आहे. सात-आठ मोठे तुकडे आणि अनेक लहान. यांना भूपट्ट म्हणतात. त्यांच्याखालचे प्रावरण घनच आहे, पण इतके तापलेले की लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहते. भूपट्ट कुठे एकमेकांपासून दूर जातात, कुठे समोरासमोर येतात, कुठे एकमेकांना घासत बाजूने सरकतात. त्यांना ओढणारा सर्वांत मोठा जोर बुडणाऱ्या कडेचा असतो: महासागराचा तळ जुना झाला की थंड आणि जड होतो, दुसऱ्या भूपट्टाखाली घसरू लागतो आणि आपल्यामागे सगळा भूपट्ट खेचत नेतो.

यातून एक गोष्ट निघते, तिच्यावर या पुस्तकाची मांडणी उभी आहे. महासागराचा तळ सतत नवा होतो आणि सतत गिळला जातो. म्हणून आजच्या मोठ्या महासागरांत अठरा-वीस कोटी वर्षांहून जुना तळ जवळपास सापडत नाही. खंडांचे कवच मात्र हलके. ते प्रावरणात बुडत नाही. फाटते, चिकटते, दुमडते, झिजते, पण उरते. कॅनडात चारशे कोटी वर्षांचा खडक आजही हाताला लागतो. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. त्यांतल्या शेवटच्या वीस कोटींखेरीज बाकी सारा इतिहास वाचायचा, तर खंडांवरच वाचावा लागतो.

गतीबद्दलही इथेच सांगतो. भारतीय भूपट्ट आज वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या वेगाने ईशान्येकडे सरकतो आहे. उपग्रहांच्या साहाय्याने हे थेट मोजले जाते. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला १६७४ साली. त्यानंतर रायगड, त्यावरची राजसदर, होळीचा माळ आणि खालची सगळी जमीन मिळून साधारण साडेसतरा मीटर सरकली आहे. माणसाच्या इतिहासात हे अंतर नगण्य. पण याच वेगाने एक कोटी वर्षांत पाचशे किलोमीटर होतात, आणि भूशास्त्रात एक कोटी वर्षे हा फार मोठा काळ मानत नाहीत.

मराठीत या विषयावर जे लिहिले जाते, त्यात बहुधा कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश, आइसलँडमधली भेग आणि जपानचे ज्वालामुखी असतात. ही उदाहरणे उत्तम आहेत आणि या पुस्तकातही आली आहेत. पण त्यामुळे वाचकाच्या मनात एक चुकीची गोष्ट ठसते: हे सगळे भूपट्टांच्या सीमेवर घडते, आपण भूपट्टाच्या मधोमध राहतो, म्हणजे आपला याच्याशी संबंध नाही. खरे तर खंडाने काय काय सोसले याची नोंद त्याच्या पोटातच असते. जुळणे, फुटणे, प्रवास आणि टक्कर या चारही घटनांच्या खुणा गडचिरोलीपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या जमिनीत आहेत. हे दाखवून देणे हा या लेखनामागचा मुख्य हेतू.

खंड सरकतात हे सांगणारा पहिला मोठा संशोधक आल्फ्रेड वेगेनर. हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. भूशास्त्राच्या दृष्टीने बाहेरचा माणूस. जानेवारी १९१२ मध्ये त्याने आपली कल्पना फ्रँकफर्टच्या सभेत मांडली, १९१५ मध्ये पुस्तक लिहिले. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे किनारे जुळतात हे अनेकांनी पाहिले होते. वेगेनरने त्यापुढे जाऊन दोन्हीकडचे खडक, जीवाश्म आणि जुन्या हिमनद्यांच्या खुणा जुळवून दाखवल्या. खंड कशाच्या जोरावर हलतात हे मात्र त्याला सांगता आले नाही, आणि तेवढ्यावरून त्याची बाजू झिडकारली गेली. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर ड्यू टॉइटने ही बाजू लावून धरली, ब्रिटनच्या आर्थर होम्सने प्रावरणातल्या प्रवाहांची कल्पना सुचवली. पण पुढची तीसेक वर्षे बहुतेक विद्यापीठांत खंडवहनाचे नाव घेणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे होते.

वेगेनरने जे पुरावे मांडले, त्यांतले काही विदर्भात आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरई इथे, पैनगंगेच्या परिसरात, चुनखडकाचा एक जुना पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. पोटात दगड अडकलेली हिमनदी कातळावरून सरकली की असे ओरखडे पडतात. त्यांच्या सोबतीला लहानमोठ्या दगडगोट्यांनी भरलेला थर, हिमनदीने आणून टाकलेला. हे एकोणिसाव्या शतकातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नजरेला आले होते. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या. भारत आजच्या जागीच होता असे मानले, तर विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सखल जमिनीवर एवढा बर्फ कसा, याला उत्तर नाही. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेला लागून होता असे मानले, की हेच ओरखडे सरळ अर्थ सांगू लागतात. त्या सगळ्याच खंडांवर याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा आहेत.

बर्फ ओसरल्यावर तिथे दलदलीची जंगले वाढली. त्यांचा कोळसा झाला, तो आज वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या खाणींतून निघतो. या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. हीच पाने दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात सापडतात, आणि अंटार्क्टिकातही. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना उपासमारीने आणि थंडीने मेले. मरेपर्यंत त्यांनी जवळपास सोळा किलो दगड घसरगाडीवरून ओढत आणले होते, टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा आणि अंटार्क्टिकाच्या हिमनदीकाठचे ते दगड एकाच जंगलपट्ट्याचे अवशेष आहेत, हे कळल्यावर आपल्या विजेच्या दिव्याकडे पाहण्याची माझी तरी नजर बदलली. या खडकांच्या समूहाला गोंड लोकांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव पडले, आणि पुढे एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने दक्षिणेकडच्या त्या साऱ्या महाखंडालाच तेच नाव दिले.

तरीही वाद मिटला नव्हता. तो मिटवला चुंबकत्वाने, आणि त्यात दख्खनच्या दगडाचा वाटा मोठा आहे. लाव्हामध्ये मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा थिजून थंड होत जातो तेव्हा, साधारण ५८० अंश सेल्सियसच्या खाली, हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा स्वतःत धरून ठेवतात. विषुववृत्तावर मोकळी टांगलेली चुंबकसुई आडवी राहते. ध्रुवाकडे जावे तसतशी ती उभी होत जाते. म्हणून दगडातली दिशा किती कललेली आहे हे मोजले, की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटात असे काम चालू होते. त्या गटातल्या क्लेग यांनी सहकाऱ्यांबरोबर दख्खनच्या बेसॉल्टची मोजणी करून १९५६ साली निष्कर्ष छापले: हा खडक थिजला तेव्हा तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पुढच्या असंख्य मोजण्यांनी ते पक्के केले. ज्या कातळात वेरूळचे कैलास लेणे कोरले, ज्यावर राजगड-तोरणा उभे आहेत, तो दगड दक्षिण गोलार्धात, वीस ते तीस अंश अक्षांशांच्या दरम्यान जन्मला.

त्याच दशकात महासागरांचे तळ उलगडू लागले. न्यूयॉर्कमध्ये मेरी थार्प जहाजांनी आणलेल्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवत होती. स्त्री म्हणून तिला तेव्हा संशोधन-जहाजावर जाऊ देत नसत. अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली पर्वतरांग आणि तिच्या माथ्यावरची भेग तिने नकाशावर काढली, तेव्हा तिचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ते उडवूनच लावले. पुढे तीच आकृती जगातल्या सगळ्या महासागरांत निघाली. अमेरिकेच्या हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये अर्थ लावला: या रांगांवर नवा तळ जन्मतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो.

याची खूण पटली ती आपल्याच समुद्रात. अरबी समुद्राच्या नैऋत्येला कार्ल्सबर्ग नावाची अशीच बुडालेली पर्वतरांग आहे. तीच भारतीय भूपट्टाची नैऋत्येकडची सीमा. ब्रिटिश जहाज 'ओवेन'ने १९६२ मध्ये या रांगेवरून जाऊन चुंबकीय नोंदी घेतल्या. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र अधूनमधून उलटते, उत्तरेची दक्षिण होते, हे तोवर समजू लागले होते. फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडले की नवा तळ जन्मतो तो त्या त्या वेळची चुंबकदिशा घेऊन. म्हणून रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट आणि उलट चुंबकत्वाचे समांतर पट्टे मिळायला हवेत. तसेच ते मिळाले. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती आणि नियतकालिकांनी ती नाकारली होती, ही दुःखाची बाब नोंदवायला हवी. यानंतर पाच वर्षांत विल्सन, मॅकेन्झी, मॉर्गन आणि ल पिशॉन यांनी सगळे धागे जोडले आणि भूपट्टांचा सिद्धान्त उभा राहिला. असाच चुंबकीय उलटा-सुलट बदल महाबळेश्वरच्या परिसरातल्या लाव्हाथरांतही मिळतो. खालचे जाड थर एका दिशेचे, वरचे दुसऱ्या.

लाव्हाविषयी एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे मोजकेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत उत्तरेकडे सरकताना एका तप्त बिंदूवरून, म्हणजे प्रावरणातून उष्णता वर येत राहते अशा जागेवरून गेला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी एखादाच फुटावा तसे ते नव्हते. लांबच लांब भेगांतून लाव्हा उसळला आणि पसरला. यातला बहुतांश भाग जेमतेम दहा लाख वर्षांत ओतला गेला. आज उरलेला विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरहून अधिक. त्यातल्या थरसमूहांना दिलेली नावे जगभरच्या शोधनिबंधांत येतात: जव्हार, इगतपुरी, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. दोन उद्रेकांमध्ये हजारो वर्षांची शांतताही असे. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाथरांच्या मध्ये गाळाचे थर आहेत. त्यांत एका चिमुकल्या बेडकाचे सांगाडे सापडले आणि त्याचे वर्णन १८४७ मध्येच प्रसिद्ध झाले. तळे होते, बेडूक होते, मग पुन्हा लाव्हा आला.

तप्त बिंदू आपल्या जागी जवळजवळ स्थिर राहिला आणि भूपट्ट त्याच्यावरून पुढे जात राहिला. त्या प्रवासाची ओळ समुद्रात उमटली आहे: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, आणि शेवटी रीयुनियन बेट, जिथला ज्वालामुखी आजही फुटतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसे ऊसमळ्यांत राबायला मॉरिशसला गेली आणि त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात. ज्या उष्णतेने त्यांच्या पूर्वजांच्या गावचा कातळ घडवला, तिनेच कोट्यवधी वर्षांनंतर त्यांच्या नव्या बेटाचा कातळ घडवला.

तुटलेल्या तुकड्यांचे नाते सजीवांतही टिकून आहे. २००३ साली केरळातल्या पश्चिम घाटातून एका जांभळ्या, जमिनीखाली राहणाऱ्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे शास्त्रीय नाव नासिकाबाट्राकस सह्याद्रेन्सिस. त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक भारतात नाहीत, आशियातही नाहीत. ते सेशेल्समध्ये आहेत. बेडूक खाऱ्या समुद्रातून हजारो किलोमीटर पोहून जाऊ शकत नाही. बेडूक होते तिथेच राहिले आणि जमीन त्यांना घेऊन दूर गेली.

सेशेल्स सुटल्यानंतर भारत फार वेगाने निघाला. वर्षाला पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त, म्हणजे आजच्या तिप्पट. पुढे टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली जात राहिला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा उत्तर किनारा आशियाला भिडला. दोन्ही बाजूंना हलके खंडकवच, त्यामुळे सहजासहजी कोणीच बुडेना. तिबेटखाली कवचाची जाडी सत्तर किलोमीटरच्या आसपास झाली, इतर खंडांच्या जवळपास दुप्पट. टेथिसच्या किनाऱ्यावरचा गाळ वर चढला. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष असलेला चुनखडक आहे.

हे पाहायला एव्हरेस्टवर जायला नको. घरात शाळिग्राम असेल तर तो हातात घेऊन पाहा. काळा, गुळगुळीत, एका बाजूला छिद्र, आणि आत चक्रासारखी वळी. नेपाळमधल्या गंडकी नदीच्या पात्रातून हे आणले जातात. ती वळी अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाची. वळीवर बारीक आडव्या रेघा दिसतील, त्या शंखाच्या कवचावरच्या उंचवट्यांच्या खुणा. हा प्राणी सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी भारताच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या समुद्रात जगला, तिथल्या काळ्या चिखलात पुरला गेला. तो चिखल दगड होऊन हिमालयाबरोबर वर गेला आणि नदीने तो पुन्हा सुटा केला. तुळशीच्या लग्नात आपण जो शाळिग्राम मांडतो, त्यात एका नाहीशा झालेल्या समुद्राचा पुरावा आहे. देवघरातल्या त्याच्या स्थानाला यामुळे बाधा येत नाही. मला तर तो आता अधिक जपून ठेवावासा वाटतो.

टक्कर अजून चालू आहे, आणि तिची किंमत आपण मोजली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरले. भूकंप सहाहून अधिक तीव्रतेचा, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर माणसे गाढ झोपेत असताना, किल्लारीला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. दख्खनचे पठार अचल आहे, या जुन्या भरवशावर माती-दगडांची जाड भिंतींची घरे उभी होती, आणि तीच अंगावर कोसळली. किल्लारीला नंतर भोक पाडून पाहिले तेव्हा सुमारे ३३८ मीटर लाव्हा, त्याखाली थोडा गाळ आणि त्याखाली प्राचीन कणाश्मासारखा खडक लागला. भेगा त्या जुन्या खडकात आहेत. उत्तरेकडून अडलेल्या भूपट्टात दाब साठतो आणि तो कोट्यवधी वर्षांच्या जुन्या दुर्बल जागी सुटतो. कोयनेत धरणाच्या जलाशयाचाही त्यात हात आहे. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटरपर्यंत छिद्र घेऊन तिथल्या खडकाचा अभ्यास झाला आहे. भूपट्टाच्या मध्यावर राहतो म्हणून आपण सुरक्षित, असे यापुढे कोणी म्हणू नये. घरे कशी बांधावीत हे ठरवताना या ज्ञानाचा उपयोग व्हायला हवा, असे मी आग्रहाने म्हणतो.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. प्रकरणे काळाच्या क्रमाने नाहीत. सह्याद्रीच्या कड्यापासून सुरुवात करून मागे गोंडवनात आणि मग पुढे हिमालयात नेणारी आहेत. ज्यांना भौतिकशास्त्राचा कंटाळा असेल त्यांनी प्रावरणातल्या प्रवाहांचे प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल, पण चुंबकत्वाचे प्रकरण कृपया गाळू नये, कारण बाकी सारे त्यावर टेकलेले आहे.

शिक्षकांना एक विनंती. घाटरस्त्यांच्या रुंदीकरणात जागोजागी डोंगर कापले जात आहेत. ताज्या कापात दोन काळ्या थरांमध्ये एक तांबडा, भुसभुशीत पट्टा बऱ्याचदा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या थराचा वरचा भाग कुजून झालेली ती माती आहे, वरून आलेल्या लाव्हाने भाजलेली. पाऊस, गवत आणि सिमेंटचा मुलामा यांनी हा पट्टा दोन-तीन वर्षांत झाकला जातो. तुमच्या तालुक्यात असा काप असेल तर वाहनांपासून सुरक्षित जागा पाहून मुलांना तिथे न्या, थर मोजायला लावा, फोटो काढून त्यावर ठिकाण आणि तारीख लिहा, आणि तो वर्गात महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी लावा.